एक जळून गेला, एक आपटून

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भाऊबीज झाली की आमचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत. दिवसा मंडई, म्हणजे गावची जत्रा, नाहीतर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. माझी साउंड सर्व्हिस ब्रह्मपुरीच्या बाजूला आहे. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात, त्यांच्या मागे-पुढे आमची गाडीही फिरते. चार बेसच्या पेट्या, प्रत्येकीत १८ इंची दोन स्पीकर, वर टॉप, म्हणजे मधल्या-वरच्या सुरांच्या पेट्या, आणि दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाले अँप, म्हणजे अँप्लिफायर. इतक्या सामानावर मी बरीच वर्षं काढली.

मागच्या जानेवारीत आरमोरी तालुक्यातल्या एका गावात पटाचं नाटक होतं. बारानंतर मला बेस उतरल्यासारखा वाटायला लागला. थंडी पडली, गर्दी वाढली, म्हणून असेल असं समजून मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर सरकवला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच, पुन्हा सरकवला. मंडळाचे एक भाऊ दोनदा येऊन सांगून गेले, "लावणीले बेसच नाही ना जी, वाढवा ना थोडा." दीडच्या सुमारास अँपची क्लिपची (ताकद संपली हे सांगणारी) लाल लाईट लुकलुकायची थांबली आणि सलग पेटून राहिली. दोन वाजता ऑक्टोपॅडच्या (इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या) प्रत्येक ठोक्याला डावीकडच्या पेटीतून फाटक्या डब्यासारखा 'टक' आवाज यायला लागला. जवळ गेलो तर पोर्टमधून, म्हणजे पेटीच्या हवेच्या भोकातून, गरम हवा आणि जळक्या वार्निशचा वास. ती पेटी काढली आणि उरलेलं नाटक तीन पेट्यांवर रेटलं. ऑर्गन वाजवणारे काका सकाळी चहा पिताना म्हणाले, "शेवटच्या अंकात माझं अर्धं वाजवणं वायाच गेलं." ते मला फार लागलं. रात्रभर माणूस जीव ओतून वाजवतो आणि आपल्या पेटीमुळे ते लोकांपर्यंत पोचत नाही.

दोन्ही स्पीकर उतरवून नागपूरला आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे नेले. ते कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) बांधतात, कोन (पुढचा हलणारा पडदा) बदलतात, आणि उघडलेला प्रत्येक स्पीकर गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय राहत नाहीत. पहिल्याची कॉइल कोळशासारखी काळी, तारेचे वेढे सुटून लोंबत होते. दुसऱ्याची कॉइल चांगली तांबूस, जळाल्याची खूण नाही, पण ज्या नळीवर ती गुंडाळलेली असते त्या नळीची खालची कड चेपून आत वळली होती. काकांनी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. "हा जळून मेला, अन् हा आपटून मेला. दोघायचा रोग येगळा हाये. औषध एकच देशीन तर चालन काय?"

पुढचे तीन महिने मी त्या प्रश्नाच्या मागे होतो.

आधी जळालेल्याचं. माझी समजूत अशी होती की स्पीकर १००० वॅटचा आणि अँप त्याहून लहान घेतला की स्पीकर सुरक्षित. आमच्या धंद्यात निम्मे लोक असंच मानतात. माझा अँप ४ ओहमला चॅनलमागे १३०० वॅटचा, पेटीतले दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडलेले, म्हणजे ४ ओहम, आणि कागदावर पेटीची ताकद २००० वॅट. पण १३०० हा आकडा स्वच्छ साईन वेव्हचा. अँप पूर्ण क्लिप झाला की लाटेचं डोकं छाटलं जातं, ती चौकोनी होत जाते, आणि चौकोनी लाटेत त्याच उंचीच्या साईनच्या दुप्पट पॉवर मावते. म्हणजे तोच अँप २६०० वॅटपर्यंत ढकलू शकतो, आणि तेही दोन ठोक्यांच्या मध्ये उसंत न देता. कॉइलला उसंत लागते. अँपची मोठी ताकद क्षणभर आली तर ती सोसते, मधली ताकद तासन् तास आली तर सोसत नाही.

स्पीकरच्या कागदावरचे १००० वॅट कुठून येतात तेही तेव्हा नीट वाचलं. एईएस या ऑडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या चाचणीत स्पीकरवर त्याच्या पट्ट्यातला पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला सलग खरखराट, दोन तास चालवतात, आणि त्या नॉइजची शिखरं सरासरीपेक्षा ६ डेसिबल वर असतात. दोन तास. स्पीकर तेव्हा उघड्यावर टांगलेला असतो, आमच्यासारखा बंद पेटीत नसतो. आमचं नाटक रात्रभर चालतं, आणि एप्रिलच्या कार्यक्रमात तर हवाच त्रेचाळीस अंशांवर असते.

बारानंतर बेस का उतरला, याचाही उलगडा झाला. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मल्टीमीटरवर साधारण ५.५ दाखवते. ती १८० अंशांनी तापली तर ५.५ ओहमची ९ च्या वर जाते, तेवढ्याच व्होल्टेजला पॉवर कमी घेते आणि आवाज पडतो. म्हणजे स्पीकर मला त्याच्या परीने सांगत होता की मी तापलोय, आणि मी ऐकून फेडर वर करत होतो. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

आता आपटलेला. एका पेटीत दोन स्पीकर एकाच हवेवर काम करतात. पहिला जळून बंद पडला की त्याचा कोन नुसता सैल पडदा होतो. दुसऱ्याने दाब दिला की तो उलटा हलतो, पोर्टचं गणित बिघडतं, आणि दुसऱ्याच्या कोनाला हवेचा आधार उरत नाही. अँप मात्र तितकंच व्होल्टेज देत राहतो. दुसरा मोकळ्या हवेत असल्यासारखा हलत गेला आणि मागच्या प्लेटवर आपटला. 'टक' तोच होता.

आता अँप निवडायचा होता. दुकानात सगळे वॅटचं स्टिकर दाखवतात. त्यात पीक, म्युझिक, मॅक्स असे शब्द असतात आणि प्रत्येक कंपनी ते आपापल्या सोयीने वापरते. मी ठरवलं, मोजल्याशिवाय घ्यायचा नाही. त्यासाठी डमी लोड, म्हणजे स्पीकरच्या जागी जोडायचा नुसता रोध, पाहिजे होता. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टवर साधारण ३५ ओहमचा असतो. नऊ रॉड समांतर जोडले की ३.९ ओहम. आमच्या गावात एका मित्राची भाताची गिरणी आहे, तिथे थ्री-फेजची सप्लाय दमदार आणि बोर्डावर ३२ अँपिअरचं सॉकेट. गिरणी बंद असते त्या दिवशी प्लास्टिकच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरलं, लाकडी पट्टीवर नऊ रॉड टांगले आणि अँपचा एकच चॅनल त्यावर जोडला. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांना हात जोडून सांगतो, अँपच्या आउटपुटवर शंभरहून जास्त व्होल्ट असतात, ते माणूस मारतात. पोरांना दहा फुटांवर उभं केलं, चालू असताना ड्रमला कोणी बोट लावायचं नाही, आणि बंद करायला एक जण फक्त स्विचपाशी.

६० हर्ट्झची साईन, क्लिपची लाईट लागायच्या बेतात, मल्टीमीटर आउटपुटवर. पहिला अँप, स्टिकर ४ ओहमला ३००० वॅट. सुरुवातीला ९८ व्होल्ट, म्हणजे साधारण २४५० वॅट. दहा सेकंदांत क्लिप तशीच राहिली आणि आकडा ८१ वर उतरला, १६७० वॅटच्या आसपास. दुसरा क्लास डीचा, म्हणजे स्विचिंगवर चालणारा, आणि त्याचा पॉवर सप्लाय रेग्युलेटेड, म्हणजे लाईन खाली-वर झाली तरी आतलं व्होल्टेज धरून ठेवणारा. तो ११२ दाखवून हळूहळू १०४ वर थांबला. मग दोन्ही मोठ्या व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) घेऊन मेन्स, म्हणजे येणाऱ्या लाईनचे व्होल्ट, १९० व्होल्टवर आणले, कारण जनरेटरवर हॅलोजन आणि शामियान्याचे पंखे असले की आम्हाला तेवढेच मिळतात. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाल्याचं आउटपुट मेन्सबरोबर खाली गेलं. १९० भागिले २३० चा वर्ग काढला तर ०.६८, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. रेग्युलेटेडवाल्याचा आकडा जागचा हलला नाही. माझा निर्णय तिथेच झाला. गोदामात किंवा शहरातल्या हॉलमध्ये काम असतं तर लोखंडी अँप मी आनंदाने घेतला असता, तो दणकट असतो आणि आमचे मेकॅनिक तो खेड्यातही दुरुस्त करतात. पण आमच्याकडे मेन्स हाच पहिला प्रश्न आहे.

किती मोठा घ्यायचा? आदर्श म्हणजे स्पीकरच्या एईएस आकड्याच्या दुप्पट, म्हणजे माझ्या पेटीला ४००० वॅट, १२६ व्होल्ट. ठोक्याचं शिखर छाटलं जाऊ नये म्हणून. माझ्या बजेटमध्ये बसला तो ११२ व्होल्टवाला, आणि तो पुरेसा आहे. एका चॅनलवर एकच पेटी, दोन नाही. दोन पेट्या समांतर जोडून २ ओहमवर चालवणारे आमच्याकडे बरेच आहेत, पण अँप गरम होतो आणि वायरीतच निम्मा जीव जातो.

वायरीचंही सांगतो. अँप मिक्सरपाशी ठेवून १.५ स्क्वेअर एमएमची ३० मीटर वायर ओढायची माझी सवय होती. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, ०.७ ओहम. ४ ओहमच्या पेटीला मग पाऊण हिस्साही पॉवर मिळत नाही. आता अँपचा रॅक पेट्यांच्या शेजारी असतो, ४ स्क्वेअरची पाच मीटर वायर, आणि लांब जाते ती फक्त सिग्नलची केबल. यात एक अडचण आली. क्लिपची लाईट मिक्सरवाल्याला दिसत नाही. त्यामुळे अँपच्या आधीचं मॅनेजमेंट, म्हणजे प्रोसेसर, स्वतःच राखण करणारं पाहिजे झालं.

प्रोसेसरमध्ये मी एकच गोष्ट पाहिली, बेसच्या आउटपुटवर दोन वेगळे लिमिटर, म्हणजे ठरलेल्या हद्दीवर सिग्नल अडवणारे, लावता येतात का. एक शिखरासाठी, एक सरासरीसाठी. बाकी रंगीत पडदे आणि मोबाईल अ‍ॅप नसले तरी चालतात.

पण आधी हाय-पास, म्हणजे ठरलेल्या हर्ट्झच्या खालचे सूर कापणारी चाळणी. कोन आपटतो तो बहुतेक वेळा पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली, कारण तिथे पोर्टची हवा कोनाला धरून ठेवत नाही. माझ्या पेट्या आमच्याच भागातल्या सुताराने नकाशावरून केलेल्या. नकाशावर ३८ हर्ट्झ लिहिलंय. खरं किती, हे पाहण्यासाठी रात्री अंगणात पेटी उताणी ठेवली, जाळी काढली, कोनाच्या कडेला खडूचा एक ठिपका काढला आणि बाजूने टॉर्च मारला. दहा व्होल्टच्या आसपास साईन दिली आणि ६० हर्ट्झवरून खाली एक-एक हर्ट्झ येत गेलो. ५५ ला ठिपक्याची रेघ झालेली. ५० ला रेघ आखूड. ४५ ला आणखी आखूड. ४३ ला ठिपका जवळजवळ जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याच वेळी पोर्टपाशी धरलेला कागद फडफडायला लागला. कोन स्तब्ध आणि सगळं काम पोर्टची हवा करतेय, हेच ट्यूनिंग. ४० ला रेघ पुन्हा लांब झाली, ३५ ला इतकी की मी हात घाईने आवाजावर नेला. म्हणजे सुताराची पेटी ४३ ची. आणि मी इतकी वर्षं जुन्या क्रॉसओव्हरच्या (बेस आणि टॉपचे सूर वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) २५ हर्ट्झच्या लो-कटवर ती चालवत होतो. मध्ये सगळं मोकळं रान.

आता ४० हर्ट्झला २४ डेसिबलचा हाय-पास आहे, वर ९० ला लो-पास, म्हणजे त्याच्या वरचं कापलेलं. पोरं म्हणाली, "दादा, घुमन कमी झालं." दोन दिवस ऐकल्यावर म्हणाली, ठोका आता नीट कळतो. ऑक्टोपॅडचा किक आणि ढोलकीचा धुम सगळा या पट्ट्यातच आहे. त्याखाली जे होतं ते माईक पडल्याचे दणके आणि स्टेजवर पाय आपटल्याचे.

लिमिटर मी वॅटमध्ये लावत नाही, व्होल्टमध्ये लावतो. पेटीची वायर काढून टाकायची, अँपचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, आउटपुटवर मल्टीमीटर, ६० हर्ट्झची साईन. अँपचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे आत १ व्होल्ट गेला की बाहेर ४० निघतात. शिखराचा लिमिटर मी ११० व्होल्टला थांबवला, अँप स्वतः क्लिप व्हायच्या अगदी अलीकडे. प्रोसेसरच्या आउटपुटवर तो २.७५ व्होल्ट येतो, प्रोसेसरच्या डेसिबलच्या मापात ११ डीबीयू. पकडायला १६ मिलिसेकंद, सोडायला त्याच्या सोळा पट. याहून भराभर पकडायला लावला तर तो ४० हर्ट्झच्या एका लाटेच्या आतच वर-खाली करतो आणि बेस खरखरतो. एका लाटेलाच २५ मिलिसेकंद लागतात.

सरासरीचा लिमिटर ५५ व्होल्टला, म्हणजे ५ डीबीयू. ५५ चा वर्ग भागिले ४, साडेसातशे वॅट पेटीला, एका स्पीकरला पावणेचारशेच्या आसपास. कागदावरच्या हजाराच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. ऐकणाऱ्या प्रत्येक साउंडवाल्याने मला यावर नाकं मुरडून दाखवली. मी त्यांना काळी पडलेली कॉइल दाखवतो, ती मी जपून ठेवली आहे. हा लिमिटर तीन सेकंदांनी पकडतो आणि दहा सेकंदांत सोडतो. ठोक्याला तो हात लावत नाही, फक्त सलग ओढलेली बेसलाइन आणि क्लिपमधली दांडगाई दाबतो.

एक खड्डा मात्र सांगितलाच पाहिजे, कारण मी त्यात पाय घालता घालता वाचलो. मार्चमध्ये एक अँप तपासायला दिला होता, म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राचा आणला. जोडायच्या आधी सवयीने मल्टीमीटर लावला तर ५५ च्या जागी ११० दिसले. त्याचा गेन ३८ डेसिबल होता. सहा डेसिबल जास्त म्हणजे व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट, आणि प्रोसेसरच्या पडद्यावर मात्र आकडा तोच. प्रोसेसरला पुढे कोणता अँप आहे हे कळत नाही. तेव्हापासून रॅकच्या झाकणाला आतून पुठ्ठा चिकटवलाय: अँपचा गेन, दोन्ही लिमिटरचे व्होल्ट, कोणत्या तारखेला मोजले. आणि प्रोसेसरला पासवर्ड. रात्री एक वाजता पाहुणा ऑपरेटर बसला तरी त्याला फेडर मिळतो, लिमिटर मिळत नाही.

१४ एप्रिलला तालुक्याच्या गावी जयंतीचा भीमगीतांचा कार्यक्रम होता. दुपारी चार वाजता सामान उतरवताना पेटीच्या पत्र्याच्या कडेला हात लावता येत नव्हता. रॅकवर ताडपत्री न टाकता चार बांबूंवर हिरवी नेट ताणली, पंख्यांना वारा मिळावा म्हणून. आवाज कमी पडणार याची मला भीती होती, म्हणून नेहमीसारख्या दोन डावीकडे, दोन उजवीकडे न ठेवता चारही पेट्या स्टेजसमोर मध्यभागी एकत्र लावल्या. दोन बाजूंना ठेवल्या की मधल्या गल्लीत बेस छातीवर येतो आणि चार पावलं बाजूला गेलं की गायब होतो. बाया उजव्या अंगाला बसतात, त्यांना इतकी वर्षं निम्माच बेस मिळत होता. एकत्र ठेवल्यावर पेट्या एकमेकींना जोर देतात. लिमिटरने जे घेतलं त्यातलं बरंचसं जागेने परत दिलं.

साडेआठला कव्वाली रंगात आली आणि अपेक्षेप्रमाणे निरोप आला, बेस वाढवा. माझ्या धाकट्या भावाने फेडर वर केला. सरासरीच्या लिमिटरची पिवळी लाईट लागली, बेस थोडा वाढला आणि तिथेच थांबला. निरोप आणणारे भाऊ पाच मिनिटं पेट्यांसमोर उभे राहिले, मग उजवीकडे आपल्या घरच्या माणसांजवळ जाऊन बसले. परत आले नाहीत.

दहाला आवाज बंद. शेवटचं गाणं संपताच मी पळत जाऊन पेट्यांच्या वायरी अँपमधून काढल्या आणि मल्टीमीटर लावला, कारण कॉइल भराभर थंड होते. सकाळी सावलीत मोजलं तेव्हा पेटीचा रोध, वायरींचा वजा जाता, २.८ ओहम होता. आता सर्वांत गरम पेटीत ३.६ आला. म्हणजे कॉइल सकाळपेक्षा सत्तर-पंचाहत्तर अंशांनी जास्त. वाजताना थोडी आणखी असेल. भावाने टॉर्च धरला, मी पुठ्ठ्यावर तारीख आणि चारही पेट्यांचे दोन-दोन आकडे लिहिले. खाली तीन रकाने रिकामे आखून ठेवले, पुढच्या आठवड्यात नागभीडकडे लग्नं होती.